स्पेनच्या विद्यार्थ्यांनी हुकूमशाही पाडली का? एका लघुप्रबंधाच्या निमित्ताने

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझी समजूत चुकली असेल तर इथेच कळेल. तुम्ही एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहात आणि लघुप्रबंधासाठी स्पेनमधलं १९२० च्या दशकातलं विद्यार्थी आंदोलन घेतलंय. एका पुस्तकात तुम्ही वाचलंत की जनरल प्रिमो दे रिवेराची हुकूमशाही विद्यार्थ्यांनी खिळखिळी करून पाडली. दुसऱ्या जाडजूड पुस्तकात विद्यार्थ्यांच्या वाट्याला दीड ओळ आलीय. तिथे सगळं लष्कर, राजा आणि पेसेता या स्पॅनिश चलनाची घसरण. गाइड म्हणतात, एक बाजू धरा आणि लिहून मोकळे व्हा. कुठली धरू, असं तुम्ही विचारताय. आणि जाता जाता, ही पोरं डावी होती का, हेही.

मी तालुक्याच्या गावातल्या एका कॉलेजात एकोणतीस वर्षं युरोपचा इतिहास शिकवला. चाळिशी उलटल्यावर पुण्याला शनिवार-रविवार जाऊन स्पॅनिश शिकलो, ते याच विषयाच्या नादानं. त्यामुळे तुमच्या जागी मी स्वतः उभा राहिलोय, आणि तोंडावर आपटलोय. एका चर्चासत्रात मी निबंध वाचला होता, शीर्षक 'विद्यार्थ्यांनी उलथवलेली हुकूमशाही'. वाचून झाल्यावर मागच्या रांगेतल्या एका निवृत्त सरांनी एवढंच विचारलं, "संप कुठल्या तारखेला सुरू झाला? राजीनामा कुठल्या तारखेला आला? आणि मधल्या दिवसांत काय झालं?" पहिली तारीख मला पाठ होती, शेवटचीही. मधलं काहीच नव्हतं. चहाच्या वेळी मी त्यांची नजर चुकवत फिरत होतो.

तेव्हापासून 'कुणी पाडलं' हा प्रश्न मी विद्यार्थ्यांना घेऊ देत नाही. सरकार काय आंब्याचं झाड आहे, एकानं दगड मारला की कैरी खाली? तुमच्यापुढचा खरा प्रश्न वेगळा आहे: ज्या सरकारनं संसद गुंडाळली, पक्ष गप्प केले, वर्तमानपत्रांवर सेन्सॉर बसवला, त्या सरकारला विद्यार्थ्यांपुढे माघार का घ्यावी लागली? ती माघार कागदावर आहे आणि तारखेसह आहे. त्यावर लिहा.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगतो. स्पॅनिश वाचता येत असेल तर मूळ वर्तमानपत्रं बघता येतील. स्पेनच्या राष्ट्रीय ग्रंथालयानं जुनी वर्तमानपत्रं आणि नियतकालिकं इंटरनेटवर खुली केली आहेत. येत नसेल तर इंग्रजीतल्या दुय्यम साधनांवर भागवावं लागेल, आणि तसं प्रस्तावनेत सरळ लिहावं लागेल. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची: तुम्ही गोष्ट कुठे थांबवता. जानेवारी १९३० ला, हुकूमशहाच्या राजीनाम्यापाशी थांबलात तर ती विजयाची कथा होते. एप्रिल १९३१ ला, राजा जाऊन प्रजासत्ताक आलं तिथे थांबलात तर आणखी मोठ्या विजयाची. १९३४ पर्यंत गेलात तर त्याच वर्गखोल्यांत वेगळंच काही दिसायला लागतं. दोन पुस्तकांत जो फरक तुम्हाला दिसला, त्यातला निम्मा नुसता या शेवटच्या तारखेचा असतो.

आता पार्श्वभूमी, घाईघाईत. १३ सप्टेंबर १९२३ ला बार्सेलोनाचा लष्करप्रमुख मिगेल प्रिमो दे रिवेरा यानं सत्ता हाती घेतली आणि राजा तेराव्या अल्फोन्सोनं त्याला मान्यता दिली. हे लक्षात ठेवा: राजानं ज्याला बसवलं त्याचं ओझं पुढे राजाच्याच मानेवर आलं. १९२४ च्या फेब्रुवारीत सालामांका विद्यापीठातला ग्रीकचा प्राध्यापक, लेखक मिगेल दे उनामुनो याला फुएर्तेवेन्तुरा बेटावर हद्दपार केलं, आणि माद्रिदचं आतेनेओ हे वाद-चर्चेचं जुनं केंद्र बंद केलं. उनामुनो तिथून निसटून पॅरिसला गेला, मग अगदी सीमेला खेटून असलेल्या फ्रेंच गावात, आन्दायला जाऊन राहिला. तिथून स्पेन दिसतं. म्हातारा रोज तिकडे बघत बसायचा आणि लिहीत राहायचा.

पण विद्यार्थी चळवळ उनामुनोसाठी उभी राहिली असं लिहू नका. ती उभी राहिली किरकोळ कुरबुरींतून. आंतोनियो मारिया स्बेर्त हा मायोर्का बेटावरचा मुलगा माद्रिदला शेतकी अभियांत्रिकी शिकत होता. १९२५ मध्ये हुकूमशहा त्यांच्या संस्थेत आला असताना यानं विद्यार्थ्यांच्या वतीनं तोंडावर तक्रार मांडली. बक्षीस म्हणून त्याची रवानगी कुएन्का या आडगावी झाली. माझ्या वाचनात या सगळ्या प्रकरणातला सरकारचा हा पहिला मोठा गाढवपणा. एका तक्रारखोर पोराला त्यांनी नाव दिलं. पुढची पाच वर्षं 'स्बेर्तला परत आणा' ही मागणी करायला विद्यार्थ्यांकडे एक हाडामासाचा माणूस होता.

१९२७ च्या सुरुवातीला माद्रिदमध्ये 'फेदेरासिओन उनिव्हेर्सितारिया एस्कोलार' ही संघटना उभी राहिली, तिला सगळे आद्याक्षरांवरून 'फुए' म्हणत. तिनं स्वतःची ओळख काय सांगितली तेही बघा: आम्ही राजकीय नाही, आम्ही विद्यार्थ्यांच्या प्रश्नांसाठी. अभ्यासक्रम, परीक्षा, विद्यापीठाच्या कारभारात आवाज. समोर १९२० पासूनची कॅथलिक विद्यार्थ्यांची मोठी संघटना होती, तिच्याकडे चर्चचं पाठबळ होतं. फुएचा पहिला झगडा खरं तर त्यांच्याशीच होता: विद्यार्थ्यांच्या नावानं बोलायचं कुणी?

१९२८ च्या मार्चमध्ये फौजदारी कायद्याचे प्राध्यापक लुईस हिमेनेस दे आसुआ यांचं प्रकरण आलं. त्यांनी मुर्सियाला सुप्रजननशास्त्रावर आणि संततिनियमनावर भाषण दिलं, शिक्षणखात्यानं कारवाई केली, माद्रिदच्या विद्यार्थ्यांनी वर्ग सोडले. ही रंगीत तालीम. खरा खेळ मे महिन्यातल्या एका हुकमानं सुरू झाला.

इथे जरा रेंगाळतो, कारण बहुतेक पुस्तकं हे एका वाक्यात उरकतात आणि मग वाचणाऱ्याला कळतच नाही की एवढा भडका का उडाला.

१९ मे १९२८ ला शिक्षणमंत्री एदुआर्दो काय्येहो यानं विद्यापीठ सुधारणेचा हुकूम काढला. त्यातलं ५३ वं कलम असं होतं: एल एस्कोरियालचं ऑगस्टिनियन साधूंचं कॉलेज आणि बिल्बाओजवळचं देउस्तोचं जेझुइटांचं कॉलेज, यांसारख्या खाजगी धार्मिक संस्थांतल्या विद्यार्थ्यांची परीक्षा घेणाऱ्या मंडळात दोन प्राध्यापक त्यांच्याच संस्थेचे आणि एक सरकारी विद्यापीठाचा. बस. एवढंच. आता हे आपल्या भाषेत सांगतो. समजा तुमच्या विद्यापीठाची पदवी तीच, शिक्का तोच, पण शेजारच्या श्रीमंत संस्थेच्या मुलांची तोंडी परीक्षा त्यांचेच दोन सर घेणार आणि बाहेरचा परीक्षक एकटा. दोनास एक. तुमच्या कॉलेजात ही बातमी आली तर कँटीनमध्ये काय बोलणं होईल? मी परीक्षक म्हणून अशा मंडळांत बसलोय. समोरच्या संस्थेनं जेवण चांगलं दिलं की बाहेरच्या परीक्षकाचा आवाज कसा खाली येतो, ते मला माहीत आहे. कायद्यात दोनास एक लिहिलेलं असल्यावर तर बोलायलाच नको.

स्पेनमध्ये तेव्हा पदवी देण्याचा हक्क सरकारी विद्यापीठांचा. वकिली, डॉक्टरी, सरकारी नोकरीच्या स्पर्धा परीक्षा, सगळ्याची किल्ली ती पदवी. म्हणजे कलम ५३ चा अर्थ विद्यार्थ्याला तीन वेगवेगळ्या कारणांनी झोंबत होता. उदारमतवादी घरातल्या मुलाला वाटलं, शिक्षण चर्चच्या घशात चाललं. राजकारणाशी काही देणंघेणं नसलेल्या मुलाला वाटलं, माझ्या पदवीची किंमत उतरली. आणि प्राध्यापकाला वाटलं, माझा अधिकार गेला. तिघांची कारणं वेगळी, राग एका कलमावर. अशी मागणी मिळायला नशीब लागतं. 'हुकूमशाही मुर्दाबाद' म्हणत फुए उभी राहिली असती तर तिच्यामागे शंभर-दोनशे पोरं आली असती आणि दुसऱ्या दिवशी ती तुरुंगात असती. 'कलम ५३ रद्द करा' यामागे येणाऱ्याला घरी उत्तर देता येत होतं.

मार्च १९२९ मध्ये संप सुरू झाला. तो काळही बघा: जानेवारीच्या अखेरीस जुने पुढारी सांचेस गेर्रा यांचा वालेन्सियातला उठावाचा प्रयत्न फसला होता, सिउदाद रेआलला तोफखान्यानं बंड केलं होतं, फेब्रुवारीत हुकूमशहानं अख्खं तोफखाना दल बरखास्त केलं होतं. सरकार आधीच दचकलेलं. स्बेर्तवर पुन्हा कारवाई झाली, सगळ्या शिक्षणसंस्थांची दारं त्याला बंद. सान बेर्नार्दो रस्त्यावरच्या विद्यापीठाच्या जुन्या वाड्यात पोलीस शिरले, रस्त्यात दगडफेक झाली, दुसऱ्या शहरांतली विद्यापीठंही पेटली. आणि मग १६ मार्चचा हुकूम आला: माद्रिदचं विद्यापीठ ऑक्टोबर १९३० पर्यंत बंद, विद्यार्थ्यांची नोंदणी रद्द, रेक्टर आणि अधिष्ठात्यांच्या जागी सरकारनं नेमलेलं मंडळ.

म्हणजे दीड वर्ष वाया. शिक्षा म्हणून ती मुलांना दिली होती, बसली मात्र आईबापांना. हे मी एवढ्या ठामपणे म्हणतो कारण वर्गात शिकवताना मुलांना मी हिशेबच करायला लावायचो. खेड्यातल्या नोटरीनं, लहान गावच्या डॉक्टरनं मुलाला माद्रिदला खोली घेऊन ठेवलंय. शुल्क भरलंय, खानावळीचे पैसे चालू आहेत, धाकटा पुढच्या वर्षी यायचाय. या माणसानं १९२३ मध्ये 'बरं झालं, दंगे थांबले' म्हणून जनरलचं स्वागत केलेलं असतं. त्याच्या घरात सरकारनं स्वतः होऊन विरोधक तयार केला. खाणकामगारांच्या संपात असं होत नाही. तिथे सरकार आणि मध्यमवर्ग एका बाजूला राहतात. विद्यार्थ्यावर उगारलेली काठी ज्याच्या पाठीवर पडली, तो सरकारचाच माणूस होता. लघुप्रबंधाचं मध्यवर्ती विधान म्हणून तुम्हाला काही हवं असेल तर माझ्या मते ते हे.

प्राध्यापकांचंही तसंच. तत्त्वज्ञ होसे ओर्तेगा इ गासेत, हिमेनेस दे आसुआ, फेर्नांदो दे लोस रिओस, फेलिपे सांचेस-रोमान आणि गार्सिया वाल्देकासास यांनी निषेध म्हणून अध्यासनं सोडली. ओर्तेगाचा 'तत्त्वज्ञान म्हणजे काय' हा वर्ग फेब्रुवारीच्या अखेरीस सुरू झाला होता, तो अर्धवट तुटला. मग त्यानं काय करावं? साला रेक्स नावाचं सभागृह घेऊन तिथे पुढचं व्याख्यान सुरू केलं. तिथे माणसं मावेनात म्हणून इन्फांता बेआत्रिस या नाट्यगृहात हलवलं. डोळ्यांपुढे आणा: विद्यापीठाला कुलूप, आणि नाटकाच्या थिएटरात तत्त्वज्ञान ऐकायला झुंबड. ज्यांना एरवी विद्यापीठाची पायरी माहीत नव्हती तेही येऊन बसले. सेन्सॉर घोषणा कापू शकतो. 'जगणं म्हणजे काय' यावरचं व्याख्यान कसं कापणार? ओर्तेगाची शिष्या मारिया साम्ब्रानो याच पिढीतली, विद्यार्थी चळवळीत वावरलेली. पुढे ती स्वतः मोठी तत्त्वज्ञ झाली. मुलींचा भाग तुम्ही आराखड्यात घेतलेला दिसत नाही, तो घ्या. १९१० पासून मुलींना विद्यापीठात सरळ प्रवेश मिळू लागला होता, १९२९ मधल्या वर्गखोल्यांत त्याचं फळ दिसतं.

आता माघार. त्याच वर्षी, १९२९ च्या मे महिन्यात सेव्हियाचं इबेरो-अमेरिकन प्रदर्शन आणि बार्सेलोनाचं आंतरराष्ट्रीय प्रदर्शन उघडायचं होतं. जगभरचे पाहुणे येणार, आणि देशातली विद्यापीठं बंद! काही आठवड्यांतच सरकारनं आपल्याच शिक्षा ढिल्या करायला सुरुवात केली आणि सप्टेंबर १९२९ मध्ये कलम ५३ रद्द झालं. सहा वर्षांत इतक्या उघडपणे हुकूमशहानं आपला हुकूम गिळला असं दुसरं उदाहरण मला सापडलेलं नाही. आणि गंमत म्हणजे, हेच सरकार त्याच वेळी माद्रिदच्या मोंक्लोआ भागात राजाच्या हौसेचं भव्य नवं विद्यापीठनगर बांधत होतं, लॉटरीच्या पैशांतून. (त्याच इमारतींत १९३६ च्या नोव्हेंबरात यादवी युद्धाची आघाडी येऊन थडकली. पण तो दुसरा प्रबंध.)

साधनांबद्दल एक गोष्ट. या काळातली वर्तमानपत्रं उघडलीत तर पानावर 'हा अंक सेन्सॉरनं तपासला आहे' अशा अर्थाची ओळ दिसेल. मी पहिल्यांदा मार्च १९२९ चे अंक चाळले तेव्हा निराश झालो, संपाची बातमी शोधून सापडेना. मग लक्षात आलं, बातमी सरकारी निवेदनात आहे. प्रिमो दे रिवेराला निवेदनं लिहायची खोड होती, स्वतःच लिहायचा, आणि ती छापणं वर्तमानपत्रांना सक्तीचं. घटना सेन्सॉरनं कापायची आणि त्याच घटनेवरचं साहेबांचं रागावणं मात्र पहिल्या पानावर! वाचकाला मग रागावरून घटना ताडता यायची. तुम्हीही तसंच वाचा. निवेदनात विद्यार्थ्यांना किती ओळी दिल्यात, 'मूठभर' म्हटलंय की 'भरकटलेले' म्हटलंय, आईबापांना उद्देशून काही आहे का, याची नोंद करत जा. मूठभर पोरांसाठी कुणी एवढी शाई सांडत नाही.

आता त्या निवृत्त सरांचा प्रश्न: मधल्या दिवसांत काय झालं? आज मला उत्तर देता येतं. डिसेंबर १९२९ च्या अखेरीस हुकूमशहानं राजापुढे संक्रमणाची योजना ठेवली, राजानं विचाराला वेळ मागितला. पेसेता घसरत होता. अर्थमंत्री काल्व्हो सोतेलोनं जानेवारीत राजीनामा दिला. त्याच आठवड्यात फुएनं पुन्हा संप पुकारला, मागण्यांत अर्थातच स्बेर्तची वापसी. आंदालुसियात जनरल गोदेद कट शिजवत होता. रविवार, २६ जानेवारीला प्रिमो दे रिवेरानं एक अजब निवेदन काढलं: लष्कराच्या प्रमुखांनी सांगावं, माझ्यावर त्यांचा अजून विश्वास आहे की नाही. राजाला न विचारता! उत्तरं थंड आली. बहुतेकांनी राजावरच्या निष्ठेचं तेवढं सांगितलं. २८ जानेवारीला राजीनामा. १६ मार्चला तो पॅरिसच्या एका हॉटेलात वारला, सात आठवडेही झाले नव्हते.

तेव्हा तुमच्या दोन पुस्तकांपैकी जाडजूड पुस्तक शेवटच्या आठवड्याबाबत बरोबर आहे. खुर्ची लष्कर आणि राजा या दोघांनी मिळून काढून घेतली. विद्यार्थ्यांचा संप नसता तर ती राहिली असती, असं मी म्हणणार नाही. पण लष्करातले लोक आणि राजा एवढे बेफिकीर का झाले, या माणसाला सोडलं तर रस्त्यावर कुणी रडणार नाही याची त्यांना खात्री का वाटली, याचं उत्तर आदल्या वर्षात आहे, आणि तिथे पातळ पुस्तक बरोबर आहे. दोन पुस्तकं एकाच प्रश्नाची दोन उत्तरं देत नाहीयेत, ती दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतायत. गाइडना हे असंच सांगा; बाजू धरायचीच असेल तर प्रश्नाची धरा.

ही पोरं डावी होती का? काही होती. पुष्कळशी प्रजासत्ताकवादी झाली, पण बहुतेक संपाच्या दरम्यान झाली, आधीपासून नव्हती. १९२७ ची फुए आणि १९३१ ची फुए ही एकच संघटना समजून लिहाल तर फसाल. राजानं नंतर आणलेल्या जनरल बेरेंगेरच्या सरकारला लोक 'दिक्ताब्लान्दा' म्हणत. 'दिक्तादुरा' म्हणजे हुकूमशाही, त्यातला 'दुरा' म्हणजे कठीण, त्याऐवजी 'ब्लान्दा' म्हणजे मऊ. या मऊ वर्षात उनामुनो परतला, स्बेर्त परतला, आणि घोषणा थेट राजावर गेल्या. २५ मार्च १९३१ ला माद्रिदच्या सान कार्लोस वैद्यकीय विद्याशाखेत राजकीय कैद्यांच्या सुटकेसाठी मुलं जमली. गच्चीवरून दगड-कौलं, खालून नागरी रक्षकांच्या गोळ्या, आणि त्याच इमारतीला लागून रुग्णालय, आत रुग्ण. दोघांचा जीव गेला, त्यातला एक रक्षकच होता. सुरक्षा महासंचालक होता एमिलिओ मोला. पाच वर्षांनी जनरल फ्रांको या पुढच्या हुकूमशहाबरोबरच्या उठावाची आखणी केली तो हाच. १२ एप्रिलला नगरपालिका निवडणुका, १४ ला प्रजासत्ताक, राजा कार्ताहेनाहून बोटीनं देशाबाहेर.

इथे थांबण्याचा मोह होतो. मी त्या चर्चासत्रात इथेच थांबलो होतो. पण दोन वर्षं पुढे जा. प्रजासत्ताकात फुएच्या वर्तुळातून चांगली कामं झाली. विद्यार्थ्यांचं 'ला बार्राका' हे फिरतं नाटक घेऊन कवी लोर्का १९३२ च्या उन्हाळ्यात खेडोपाडी सेर्व्हांतेसचे छोटे प्रवेश करत हिंडला. स्बेर्त स्वतः कातालान राजकारणात गेला, यादवी युद्धात मंत्री झाला, शेवटी मेक्सिकोत परागंदा. पण संघटना म्हणून फुए ओसरत गेली. जिंकल्यावर भांडायला कलम ५३ उरलं नव्हतं. ऑक्टोबर १९३३ मध्ये फालांखे हा फॅसिस्ट पक्ष स्थापन झाला. संस्थापक कोण? होसे आंतोनियो प्रिमो दे रिवेरा, हुकूमशहाचा थोरला मुलगा, ज्यानं स्वतः १९२० च्या आसपास माद्रिदच्या कायदा शाखेत विद्यार्थी संघटनेचं काम केलं होतं. महिन्याभरात त्यांची विद्यार्थी शाखा 'सेउ' निघाली. फुएच्या खोल्यांवर हल्ले, मारामाऱ्या, पिस्तुलं. ९ फेब्रुवारी १९३४ ला सेउचा वैद्यकीचा विद्यार्थी मातियास मोन्तेरो याला गोळ्या घालून मारलं. युद्धानंतर फ्रांकोच्या राज्यात सेउचं सदस्यत्व विद्यार्थ्यांना सक्तीचं झालं. ज्या पिढीनं 'विद्यार्थ्यांच्या नावानं बोलायचं कुणी' म्हणून झगडा मांडला, तिच्या धाकट्या भावंडांना हे उत्तर मिळालं.

आणखी एक सावधगिरी. तुमच्या आराखड्यात पहिल्याच पानावर 'युद्धोत्तर युरोपातील विद्यार्थी हे लोकशाहीचे शिलेदार होते' असं वाक्य आहे. ते खोडा. रुमानियात डिसेंबर १९२२ मध्ये हजारो विद्यार्थी रस्त्यावर आले ते ज्यू विद्यार्थ्यांच्या संख्येवर मर्यादा घाला म्हणून. हंगेरीत तसा कायदा १९२० मध्येच झाला होता. पोलंडमध्ये राष्ट्रवादी विद्यार्थ्यांच्या रेट्यानं १९३७ मध्ये ज्यू मुलांना वर्गात वेगळ्या बाकांवर बसवणं अधिकृत झालं. जर्मनीच्या राष्ट्रीय विद्यार्थी संघटनेचं नेतृत्व नाझींनी १९३१ मध्येच, म्हणजे हिटलर सत्तेवर येण्याआधी दीड वर्ष, निवडून मिळवलं होतं. मे १९३३ मधल्या पुस्तकांच्या होळ्या पेटवण्यात विद्यार्थीच पुढे होते. तिथेही मुद्दा पदवीच्या किमतीचा आणि नोकऱ्यांच्या टंचाईचा होता, स्पेनसारखाच. रागाचं इंधन एक, चूल वेगळी. स्पेनमध्ये बोट चर्चच्या खाजगी कॉलेजांकडे आणि सरकारकडे गेलं, तिकडे शेजारच्या बाकावरच्या मुलाकडे गेलं. हे असं का झालं, यावर स्वतंत्र प्रकरण लिहायला जाऊ नका, एम.ए.च्या लघुप्रबंधात ते पेलणार नाही. प्रस्तावनेत दोन परिच्छेद पुरेत.

आता करायचं काय? सगळ्यात आधी दोन तक्ते करा. एक मार्च ते सप्टेंबर १९२९, एक १ ते २८ जानेवारी १९३०. तीन रकाने: विद्यार्थी, सरकार, लष्कर-राजा-पैसा. जानेवारीच्या तक्त्यात एकही दिवस कोरा राहिला तर तो का कोरा आहे हे स्वतःला विचारा. मग मधलं प्रकरण कलम ५३ वर लिहा, घराघरांतल्या त्या आर्थिक हिशेबासकट. तिथे पानं खर्च झाली तरी चालतील. शेवटची तारीख जानेवारी १९३० घेतलीत तर सेउचा उल्लेख एका तळटीपेत तरी येऊ द्या. १९३४ घेतलीत तर शीर्षकातला 'विजय' हा शब्द काढा. स्पॅनिश येतं की नाही आणि पानांची मर्यादा किती, हे तुम्ही लिहिलेलं नाही. ते कळवलंत तर मार्च १९२९ च्या अंकांत नेमकं काय शोधायचं, ते तारीखवार सांगतो.